गाझासाठी काही करायचंय? मग या क्रमाने करा

ऑक्टोबर २०२३ पासून ओळखीच्या माणसांकडून एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजांत ऐकतोय, "काहीतरी करावंसं वाटतं, पण काय करू ते कळत नाही." त्यापुढे बहुतेकांचं जे होतं तेही सारखंच असतं. रात्री एक फोटो बघून झोप उडते. तो फोटो चार ग्रुपवर जातो. कुणीतरी पाठवलेल्या क्यूआर कोडवर दोन हजार रुपये टाकले जातात. सोसायटीच्या ग्रुपवर भांडण होतं आणि पंधरा दिवसांत सगळं थंड पडतं. मग कळतं की फोटो दुसऱ्याच देशातला होता. पैशांची पावती तर आलेलीच नसते.

या माणसांच्या कळकळीत खोट नव्हती, फक्त तयारी नव्हती. म्हणून हा लेख कामाच्या क्रमाने लिहिला आहे. टप्पे उलटसुलट केले की वर सांगितलेलंच होतं, तेव्हा पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय तिसऱ्याकडे जाऊ नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच. इथे सगळं सामान्य नागरिकांबद्दल आहे. ७ ऑक्टोबर २०२३ च्या हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसं मारली गेली आणि अडीचशेच्या आसपास माणसांना ओलीस नेलं गेलं. ते दुःख खरंच आहे. ते मान्य केल्याने गाझातल्या लेकराबाळांबद्दलची तुमची माया कमी होत नाही. उलट, समोरचा तुमचं ऐकून घेतो.

## टप्पा १ : आधी वही, मग मोबाईल

एका पानावर तीन ओळी लिहा.

१. दरमहा किती रुपये देणं झेपेल? एकदाच पाच हजार देण्यापेक्षा वर्षभर दरमहा पाचशे दिलेले जास्त उपयोगी पडतात, कारण दवाखाना किंवा स्वयंपाकघर चालवणाऱ्याला पुढच्या महिन्याचा हिशोब करता येतो.

२. आठवड्याला किती वेळ देता येईल? दोन तास म्हणजे चांगलाच वेळ झाला.

३. तुम्हाला काय जमतं? पत्र लिहिणं, भाषांतर, हिशोब, माणसं जमवणं, की निवांत बसून बातम्या तपासणं? यातलं एकच निवडा.

मग नकाशा उघडा. गाझा पट्टीचं क्षेत्रफळ सुमारे ३६५ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जेमतेम साठ टक्के. लांबी ४१ किलोमीटर, आणि एवढ्याशा पट्टीत वीस लाखांहून जास्त माणसं. उत्तरेकडून खाली येत नावं वाचा : बैत हानून, बैत लाहिया, जबालिया, गाझा शहर, नुसैरात, देर अल-बलाह, खान युनिस, रफाह. मग पॅलेस्टाईनचा दुसरा भाग असलेल्या वेस्ट बँकेतली जेनिन, नाब्लुस, रामल्ला, हेब्रॉन. काही जण वेस्ट बँकेला "पश्चिम किनारा" म्हणतात आणि वाचणाऱ्याला तिथे समुद्र आहे असं वाटतं. तो जॉर्डन नदीचा पश्चिम काठ आहे. समुद्रकिनारा गाझाला आहे.

ही नावं तोंडपाठ झाली की पुढचा टप्पा निम्म्याने सोपा होतो.

तपासा : नकाशा न बघता रफाह कुठे आहे आणि त्याच्या पलीकडे कोणता देश आहे हे सांगता येतंय का? (इजिप्त.) येत नसेल तर आजच्या दिवसात काही फॉरवर्ड करू नका.

## टप्पा २ : बातमी तपासण्याची सवय

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ऑक्टोबर २०२३ पासून इस्रायलने परदेशी पत्रकारांना गाझात स्वतंत्रपणे जाऊ दिलेलं नाही. जे दिसतं ते मुख्यतः तिथल्याच पॅलेस्टिनी पत्रकारांनी जिवावर उदार होऊन टिपलेलं असतं. त्यांच्या खऱ्या फोटोंच्या गर्दीत एक खोटा फोटो तुम्ही घुसवलात की नुकसान त्यांचं होतं. "हे सगळं बनावटच असतं" म्हणणाऱ्याच्या हातात तुम्हीच काठी दिलेली असते.

या युद्धाच्या नावाने सीरियातल्या उद्ध्वस्त शहरांचे जुने फोटो फिरले, एका व्हिडिओ गेममधली दृश्यं हवाई हल्ला म्हणून फिरली. मे २०२४ मध्ये रफाहवर नजर ठेवा असं सांगणारं तंबूंच्या रांगांचं चित्र इन्स्टाग्रामवर चार कोटींहून अधिक वेळा शेअर झालं. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं होतं, त्यात रफाहची एकही खरी झोपडी नव्हती. शेअर करणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्याच दिवसांत रफाहमधून आलेली खरी छायाचित्रं मागे पडली.

फोटो किंवा व्हिडिओ आला की पाच मिनिटं द्या :

१. फोटोवर गूगल लेन्स चालवा. व्हिडिओ असेल तर दोन-तीन ठिकाणी थांबवून स्क्रीनशॉट घ्या आणि ते शोधा. हाच फोटो २०२३ च्या आधीच्या तारखेने कुठे दिसला तर विषय संपला.

२. पाट्यांवरचा मजकूर भाषांतराच्या ॲपमधून वाचा. दुकानाचं नाव, रस्त्याचं नाव, गाडीची नंबरप्लेट बघा.

३. हवामान बघा. जुलैच्या बातमीत माणसं स्वेटर घालून दिसत असतील तर थांबा.

४. तीच घटना एखाद्या मोठ्या वृत्तसंस्थेने किंवा संयुक्त राष्ट्रांच्या मानवतावादी मदत कार्यालयाने, म्हणजे ओसीएचएने, दिली आहे का ते बघा. त्यांचे अहवाल नियमित येतात आणि फुकट वाचता येतात.

५. काहीच सापडलं नाही तर पाठवू नका. "खरं-खोटं माहीत नाही, पण" असं लिहून तर मुळीच नाही.

आकड्यांसाठी एक साचा ठरवून ठेवा : कुणी सांगितलं, कोणत्या तारखेपर्यंत, किती. उदाहरणार्थ, "गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीनुसार ऑक्टोबर २०२५ च्या सुरुवातीपर्यंत ६७ हजारांहून जास्त मृत्यू." किंवा, "आयपीसी या अन्नसुरक्षा मोजणाऱ्या यंत्रणेने २२ ऑगस्ट २०२५ रोजी गाझा शहराच्या भागात दुष्काळ असल्याचं जाहीर केलं." स्रोत आणि तारीख एकाच वाक्यात आली की वादाला फारशी जागा उरत नाही. "लाखो मेले" असं लिहिणाऱ्याला एक माणूस प्रश्न विचारतो आणि सगळा ग्रुप त्या एका आकड्याभोवती फिरत बसतो.

सावध : जखमी मुलांचे चेहरे पाठवू नका. ते मूल आपल्या बहिणीचं असतं तर त्याचा तो फोटो अनोळखी माणसांच्या ग्रुपवर फिरलेला चालला असता का, एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. शब्दांत लिहिता येतं.

## टप्पा ३ : पैसे, आणि फक्त पैसेच

आधी एक नकार. कपडे, औषधं, ब्लँकेटं, बिस्किटांचे पुडे गोळा करू नका. पूर आला की आपण गाडी भरून सांगली-कोल्हापूरला पाठवतो, त्यामुळे हात आपोआप तिकडेच वळतो. पण गाझात काय जाणार, किती जाणार आणि कोणत्या नाक्यातून जाणार हे इस्रायल ठरवतं. इजिप्तच्या बाजूने मदतीचा मुख्य रस्ता असलेल्या रफाह नाक्याचा पॅलेस्टिनी भाग मे २०२४ मध्ये इस्रायली सैन्याने ताब्यात घेतला. भारत सरकारने २२ ऑक्टोबर २०२३ रोजी साडेसहा टन वैद्यकीय साहित्य आणि ३२ टन इतर मदत पाठवली, तीसुद्धा हवाई दलाच्या विमानाने इजिप्तमधल्या एल-अरिश विमानतळावर उतरवावी लागली. सरकारला जिथे असा वळसा पडतो तिथे तुमच्या मंडळाची पन्नास खोकी गोदामात पडून राहणार. औषधांची मुदत संपणार आणि जागेचं भाडं चढत जाणार.

### कुणाला द्यायचे

मी संस्था निवडताना दोनच गोष्टी बघतो : युद्धाच्या आधीपासून तिथे त्यांचं काम होतं का, आणि त्यांचा वार्षिक हिशोब उघड आहे का.

यूएनआरडब्ल्यूए ही पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी १९४९ मध्ये स्थापन झालेली संयुक्त राष्ट्रांची संस्था. शाळा, दवाखाने, धान्यवाटप हे तिचं रोजचं काम, आणि तिचे हजारो कर्मचारी गाझातलेच पॅलेस्टिनी आहेत. इस्रायलने तिच्याविरुद्ध केलेले कायदे ३० जानेवारी २०२५ पासून लागू झाले आणि तिच्या कामावर मोठ्या अडचणी आल्या. जागतिक अन्न कार्यक्रम धान्य आणि पीठ पुरवतो. यूनिसेफ मुलांचं पोषण, पाणी आणि लसीकरण बघतं. पॅलेस्टाईन रेड क्रिसेंटच्या रुग्णवाहिका जखमींना उचलून नेतात. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्सचे शल्यचिकित्सक तिथे शस्त्रक्रिया करत आले आहेत. पॅलेस्टाईन चिल्ड्रन्स रिलीफ फंड मुलांच्या उपचारांवर भर देतो.

कोणत्या संस्थेला कधी आत काम करू देतात हे बदलत राहतं. म्हणून पैसे पाठवायच्या दिवशीच त्या संस्थेच्या संकेतस्थळावर गाझाची ताजी नोंद वाचा. जुन्या माहितीवर पैसे टाकू नका.

### पाठवायचे कसे

१. पत्ता स्वतः टाइप करून संस्थेच्या संकेतस्थळावर जा. मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका.

२. संकेतस्थळ आंतरराष्ट्रीय आहे की भारतीय शाखेचं, ते बघा. भारतीय शाखेला दिलेले पैसे अनेकदा भारतातल्याच कामासाठी असतात. तेही चांगलंच काम आहे, पण तुमचा हेतू वेगळा आहे. "गाझा" किंवा "पॅलेस्टाईन" असा पर्याय स्पष्ट लिहिलेला हवा.

३. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करा. २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे नवी कार्डं मुळात देशातल्याच वापरासाठी उघडी असतात. "तीनदा प्रयत्न केला, पैसे जातच नाहीत" यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं. मर्यादा तुमच्या रकमेपुरतीच ठेवा आणि काम झालं की परत बंद करा.

४. आधी छोटी रक्कम पाठवा. पावतीचा ईमेल आला आणि खात्यातून किती गेले ते जुळलं, की मग ठरलेली रक्कम. परकीय चलनासाठी बँक वर शुल्क लावते, ते धरून चाला.

५. मोठी रक्कम थेट बँकेतून पाठवायची तर ती रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेत (एलआरएस) बसते. या योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. बँकेत ए-२ अर्ज भरावा लागतो, पॅन लागतो आणि कारणाचा कोड द्यावा लागतो. देणगी असेल तर कोड देणगीचाच टाका. "घरखर्च" वगैरे लिहायला कुणी सुचवलं तर नाही म्हणा.

### जिथे लोक हमखास फसतात

"आमच्या ट्रस्टला द्या, आम्ही गाझाला पाठवतो, ८० जीची पावतीही देतो." इथे थांबा. आपल्याकडच्या धर्मादाय संस्थांना करसवलत मिळते ती मुळात भारतात केलेल्या कामासाठी. देशाबाहेर पैसे खर्च करायचे तर वेगळी मंजुरी लागते. तेव्हा ती मंजुरी दाखवा म्हणा, किंवा मागच्या वेळी पैसे कोणत्या परदेशी संस्थेच्या खात्यात गेले त्याचा कागद मागा. प्रामाणिक माणूस चिडत नाही, कागद काढतो. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर ८० जीची करसवलत मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

क्यूआर कोड स्कॅन केल्यावर व्यक्तीचं नाव येणं. पोस्टरवर संस्थेचं नाव आणि खात्यावर कुणा माणसाचं, असं दिसलं की पुढे जाऊ नका. मी सुरुवातीला याच चुकीत पैसे घालवले. पोस्टरवरचा लहान मुलाचा चेहरा बघून नाव वाचायचंच राहून गेलं.

एखाद्या कुटुंबाला थेट मदत. तिथली कुटुंबं स्वतः मेसेज करून मदत मागतात. त्यातली बरीच खरी असतात आणि त्यांच्या नावाने फसवणारेही असतात. खऱ्या कुटुंबालाही पूर्ण रक्कम मिळत नाही. बँका बंद आणि नोटांची टंचाई, त्यामुळे रोख देणाऱ्या दलालांनी ४० टक्क्यांपर्यंत कापून घेतल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. थेट द्यायचंच असेल तर त्या कुटुंबाला प्रत्यक्ष ओळखणारा, तुमच्या ओळखीचा माणूस मध्ये हवा. फक्त व्हिडिओ कॉलवर विसंबू नका.

मंडळातर्फे डबा फिरवणं. गणपतीची वर्गणी काढताना नोंदणी नसलेली मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून कलम ४१ क खाली परवानगी घेतात. तोच महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा इथेही लागू होतो. चाळीत डबा फिरवण्यापेक्षा सोपा मार्ग आहे : एका संध्याकाळी दहा घरं एकत्र बसा, आणि प्रत्येकाने आपापल्या मोबाईलवरून आपापल्या नावाने द्यावं. कुणाचा पैसा कुणाच्या हातात राहत नाही, हिशोबाचा प्रश्न उरत नाही, आणि कार्ड चालू कसं करायचं हे शेजारच्या काकूंना तिथल्या तिथे दाखवता येतं.

तपासा : पावतीची पीडीएफ, बँकेचा मेसेज आणि वहीतली नोंद. तिन्ही झाल्या की या महिन्याचं पैशांचं काम संपलं.

## टप्पा ४ : खासदारांना पत्र आणि माहिती अधिकाराचा अर्ज

निदर्शनांपेक्षा मी हे वर ठेवतो. महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९ खासदार जातात, गोव्यातून २ आणि १. त्यातल्या किती जणांना एखाद्या मतदाराने या विषयावर नीट पत्र लिहिलं असेल?

पत्र लिहिण्याआधी भारताची भूमिका माहीत हवी, नाहीतर स्वीय सहायक पहिल्याच ओळीला पत्र बाजूला ठेवतो. भारताने १८ नोव्हेंबर १९८८ रोजी पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. २०१८ पासून आपण यूएनआरडब्ल्यूएला वर्षाला ५० लाख डॉलर देत आलो आहोत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत २७ ऑक्टोबर २०२३ च्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, १२ डिसेंबर २०२३ ला युद्धबंदीच्या बाजूने मत दिलं आणि १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ राहिला. म्हणजे "सरकार काहीच करत नाही" हे वाक्य चूक आहे. "डिसेंबर २०२३ मध्ये बाजूने आणि जून २०२५ मध्ये तटस्थ, असं का?" हा प्रश्न टोकदार आहे.

पत्र एका पानाचं आणि मागणी एकच. नमुना :

"मा. खासदार महोदय, मी आपल्या मतदारसंघातील अमुक गावचा मतदार आहे. दि. १३ मे २०२४ रोजी रफाह येथे संयुक्त राष्ट्रांच्या वाहनावर झालेल्या हल्ल्यात, तेथे सुरक्षा अधिकारी म्हणून काम करणारे भारतीय सैन्यातील निवृत्त कर्नल वैभव अनिल काळे यांचा मृत्यू झाला. पुण्याशी नाते असलेल्या या अधिकाऱ्याच्या मृत्यूनंतर गाझातील मदतकार्य करणाऱ्यांच्या सुरक्षेसाठी भारत सरकारने कोणती पावले उचलली, तसेच चालू आर्थिक वर्षात यूएनआरडब्ल्यूएला किती निधी दिला, हा प्रश्न आपण येत्या अधिवेशनात उपस्थित करावा, ही विनंती. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो."

या पत्रात रागाचा शब्द नाही हे मुद्दाम केलं आहे. खाली नाव, पूर्ण पत्ता आणि मोबाईल नंबर द्या, कारण तुम्ही मतदारसंघातले आहात हे त्यांना पटायला हवं. ईमेल पाठवा आणि छापील प्रत संपर्क कार्यालयात स्वतः नेऊन द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून पोच घ्या. लोकसभेत प्रश्नासाठी साधारण पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर पत्र नेऊन उपयोग नाही. महिनाभर आधी न्या.

माहिती अधिकाराचा अर्ज परराष्ट्र मंत्रालयाकडे केंद्र सरकारच्या आरटीआय पोर्टलवरून करता येतो. शुल्क १० रुपये, अर्ज पाचशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. चूक होते ती प्रश्नाच्या घडणीत.

चुकीचा प्रश्न : "भारत गाझाच्या बाजूने ठामपणे का उभा राहत नाही?" माहिती अधिकाऱ्याला मत देता येत नाही, तो दोन ओळींत अर्ज निकाली काढेल.

बरोबर प्रश्न : "१ एप्रिल २०२३ पासून आजपर्यंत भारत सरकारने पॅलेस्टाईनसाठी दिलेल्या मानवतावादी मदतीचा तपशील द्यावा : तारीख, वस्तू किंवा रक्कम, आणि स्वीकारणारी संस्था." कागदावर असलेली गोष्ट मागितली की ती मिळण्याची शक्यता वाढते. परराष्ट्र संबंधांचं कारण देऊन कलम ८ खाली नकार आला, तर ३० दिवसांत पहिलं अपील करा. त्याला शुल्क नाही.

तपासा : वहीत अर्जाचा नोंदणी क्रमांक आणि तिसाव्या दिवसाची तारीख लिहिली का?

## टप्पा ५ : चौकात उभं राहण्याआधी

परवानगीशिवाय जमू नका. हे भीतीपोटी सांगत नाही. तुमच्याबरोबर येणाऱ्या वीस वर्षांच्या मुलीच्या पासपोर्टच्या पडताळणीत एखादा गुन्हा आडवा आला, तर ते ओझं तिला एकटीला वाहावं लागतं.

२०२५ मध्ये मुंबईत डाव्या पक्षांना आझाद मैदानात गाझासाठी जमायचं होतं. पोलिसांनी परवानगी नाकारली आणि २५ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने याचिकाही फेटाळली. आपल्या देशातल्या प्रश्नांकडे बघा, असं न्यायमूर्ती तेव्हा म्हणाले. पक्षांनी पुन्हा रीतसर अर्ज केला आणि ऑगस्टमध्ये परवानगी मिळाली. नकारानंतर घरी न बसता दुसरा अर्ज करायचा, एवढं त्यातून घ्या.

१. ज्या पोलीस ठाण्याची हद्द असेल तिथे निदान दहा-बारा दिवस आधी अर्ज द्या. तारीख, वेळ, नेमकी जागा, अंदाजे संख्या, दोन जबाबदार माणसांची नावं आणि फलकांवरचा मजकूर सोबत जोडा. पोच इथेही घ्या.

२. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली किंवा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली (जुनं १४४) जमावबंदीचा आदेश चालू आहे का, ते ठाण्यातच विचारा. सणासुदीला तो बहुधा असतो.

३. नकार आला तर तो लेखी मागा. तोंडी नकारावर पुढे दाद मागता येत नाही.

४. फलक आधी लिहा आणि दोन वडीलधाऱ्यांना वाचायला द्या. "मुलांना अन्न पोहोचू द्या", "दवाखान्यांवर हल्ले थांबवा", "युद्धबंदी पाळा" एवढं पुरेसं आहे. कोणत्याही सशस्त्र गटाचं कौतुक नको, कोणत्याही धर्माविरुद्ध शब्द नको. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ खाली, गटागटांत वैर वाढवल्याचा गुन्हा, एका घोषणेवरूनही लागू शकतो.

५. पॅलेस्टाईनला भारताची मान्यता असली तरी झेंडा फडकवण्यावरून देशात काही ठिकाणी गुन्हे दाखल झाले आहेत. झेंडा आणायचा असेल तर तसं अर्जात लिहा.

जमणं शक्यच नसेल तर वाचनालयाच्या खोलीत तासभर बसून तिथल्या माणसांच्या मुलाखती मराठीत वाचून दाखवा. पंधरा माणसं आली तरी चालतं. हॉलवाल्यांना मात्र विषय आधी सांगा, ऐन वेळी कुलूप लागलेलं बरं दिसत नाही.

## टप्पा ६ : खरेदी

बहिष्काराच्या नावाने फिरणाऱ्या शंभर नावांच्या याद्या बाजूला ठेवा. पॅलेस्टिनी नागरी संघटनांनी ९ जुलै २००५ रोजी बहिष्काराची हाक दिली, आणि ती चळवळ स्वतःच मोजकी नावं, कारणासकट, सांगते. लांब यादी चार दिवस पाळली जाते. तीन नावं दोन वर्षं पाळता येतात.

बारकोड ७२९ ने सुरू झाला की वस्तू इस्रायलची, हा समज अर्धवट आहे. ७२९ म्हणजे कंपनीने तो क्रमांक इस्रायलमधल्या नोंदणी संस्थेकडून घेतला, जसा भारतात घेतला तर ८९०. माल कुठे बनला हे त्यावरून ठरत नाही. पाकिटावर उत्पादक देश लिहिलेला असतो, तो वाचा.

सावध : दुकानात जाऊन काउंटरवरच्या पोराशी भांडू नका. तो दहा-बारा हजारांवर काम करतो आणि त्या दुकानाचा मालक बहुधा इथलाच असतो. विकत घेऊ नका आणि कंपनीला ईमेल करा.

## टप्पा ७ : जवळची माणसं

पुण्यात परदेशी विद्यार्थी पूर्वीपासून शिकायला येतात, त्यांत पॅलेस्टिनीही असतात. असं कुणी वर्गात किंवा शेजारी असेल तर पहिल्या भेटीत "तुझ्या घरचे जिवंत आहेत का" असं विचारू नका. जेवायला बोलवा. फी, घरमालक, व्हिसाच्या मुदतवाढीची कागदपत्रं, परीक्षेच्या दिवसांत घरून फोन न लागणं, अशा गोष्टीत हात द्या. त्याचं नाव, फोटो, गाव कुठेही टाकू नका. त्याला विचारून टाकायचं म्हटलं तरी नको, कारण समोर असताना नाही म्हणणं त्याला जड जातं. सभेत बोलायचा आग्रहही करू नका. परक्या देशात व्हिसावर राहणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागू शकते.

आणि बेने इस्रायली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना कोकणात शनवार तेली म्हणत, ते अलिबाग, पेण, मुंबई, पुण्यातले मराठी ज्यू. ते आपले लोक आहेत. गाझात पडणाऱ्या बॉम्बचा जाब अलिबागच्या सिनेगॉगला किंवा पुण्याच्या लाल देऊळ या सिनेगॉगला विचारणं हा अन्याय आहे. त्यांच्या वस्तीत निदर्शनं नकोत, त्यांच्याबद्दल ग्रुपवर कुणी वाकडं बोललं तर तिथल्या तिथे थांबवा. २००८ मध्ये नरिमन हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झालेल्या मुंबईत तरी हे विसरू नये.

सोसायटीच्या ग्रुपवर वाद सुरू झाला की तिसरा मेसेज तिथे टाकू नका. त्या माणसाला चहाला बोलवा. जमलं नाही तर सोडून द्या, त्या वेळात एक पत्र लिहून होतं.

## टप्पा ८ : महिन्याचा हिशोब

महिन्याची एक तारीख पक्की करा. त्या दिवशी देणगी जाते, मागची पावती फाइलला लागते, खासदारांच्या उत्तराची आठवण पाठवली जाते, आणि ज्या संस्थेला पैसे देता तिची ताजी नोंद वाचली जाते. २९ नोव्हेंबर हा संयुक्त राष्ट्रांनी १९७७ मध्ये ठरवलेला पॅलेस्टिनी जनतेशी एकजुटीचा दिवस. वाचन किंवा सभा ठेवायची असेल तर पोलीस ठाण्यातला अर्ज नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जायला हवा, हेही वहीत आत्ताच लिहून ठेवा.

युद्धबंदीची बातमी आली की देणग्या आटतात. १० ऑक्टोबर २०२५ ला युद्धबंदी लागू झाली तेव्हाही गाझातली बहुतेक घरं पडलेली होती, माणसं तंबूत होती आणि पुढे हिवाळ्याचा पाऊस होता. म्हणून थांबायची तारीख बातमीवरून ठरवू नका. बारा महिन्यांचं ठरवलं असेल तर बारावा हप्ता गेल्यावर वही उघडा आणि तेव्हा ठरवा.